बायांची भिंत

भाजलेल्या गव्हाचा वास आला आणि मी भर रस्त्यात थांबले. रस्ता जपानातला. माझी लेक सुजाता चार पावलं पुढं गेली होती, ती मागं वळून म्हणाली, "मम्मी, पाय दुखतायत का?" पाय कशाला दुखतील? उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून पायांवरच काढलाय मी. म्हटलं, "वास बघ." तिनं नाक वर केलं. "सोया सॉसवाल्यांचं जुनं दुकान आहे ते. सॉसमध्ये गहू भाजून घालतात." मी म्हटलं, "तुझा सॉस ठेव बाजूला. ही सुकडी आहे, सुकडी."

तिला काय कळणार? तिनं दुष्काळी कामावर वाटायची ती सुकडी कधी खाल्ली नाही, आणि ती वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून तर सगळी खटपट केली. पण त्या परक्या रस्त्यावर, पांढऱ्या भिंतींच्या कोठारांमधून माझ्या बहात्तर सालच्या दुष्काळाचा वास येत होता आणि मला आनंद झाला. हो, आनंद. दुष्काळाच्या नावानं रडायची आपल्याकडं पद्धत आहे. मी त्या पद्धतीतली नाही.

सुजाता ओसाकाला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. सुट्टी काढून ती मला सानिन नावाच्या भागात घेऊन आली होती, जुने किल्ले आणि जुनी व्यापारी गावं दाखवायला. सानिन म्हणजे म्हणे डोंगराची सावलीकडची बाजू. मी म्हटलं, आपला बीड जिल्हाही सावलीतच आहे की, पावसाच्या सावलीत. पण यांच्या सावलीत पाऊस पडतो, बर्फ पडतो, रस्त्याकडेच्या नालीतून आरपार दिसणारं पाणी वाहतं आणि त्यात हातभर मासे फिरतात. नालीवर प्रत्येक दुकानापुढं एकेका दगडाचा पूल. छपरांवर लाल कौलं. दारू गाळणाऱ्यांच्या वळचणीला पानांचा भलामोठा गोळा टांगलेला. तो हिरवा असला की दारू नवी, तपकिरी पडला की मुरलेली. आणि या सगळ्याच्या वर, टेकडीवर, किल्ला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हे तर आपलंच गाव."

खोटं नाही सांगत. आमचंही तसंच. वर किल्ला, किल्ल्याखाली पेठ. सकाळी दुकानांच्या फळ्या एकेक करून निघायच्या, त्यांचा खडखडाट. सरकीचा तेलकट वास, तंबाखूचा ठसका, बाजारच्या दिवशी डोंगरातून आलेल्या बायांच्या पाट्यांत डोळे उघडलेली सीताफळं. खव्याच्या भट्ट्या तर अशा पेटलेल्या असायच्या की हिवाळ्यात त्यांच्या पाठीमागं उभं राहिलं तरी ऊब मिळायची. कढईच्या बुडाची खरवड एखादा भट्टीवाला आम्हा पोरांना कागदावर द्यायचा. हात लागू नये म्हणून वरून टाकायचा, पण द्यायचा. ती खरवड जिभेवर अजून आहे आणि ते वरून टाकणंही अजून आहे. दोन्ही एकदमच आठवतात, माझा इलाज नाही.

पेठेच्या कडेला गावकूस, आणि गावकुसाच्या बाहेर आम्ही. छप्पन साली, माझ्या जन्माआधी, आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि गावकीची कामं टाकून दिली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावा घेऊन पळायचं नाही, किल्ल्याच्या दरवाजावर रात्रीची राखण करायची नाही. घरं मात्र तिथंच राहिली, किल्ल्याच्या पायथ्याला. दार उघडलं की समोर बुरूज.

त्याच किल्ल्यावर जीव टांगून मी विमानात बसले होते. गावानं किल्ला सुशोभित करायची समिती केली होती. दरवाजाच्या डाव्या हाताच्या बुरुजाला लागून एक भिंत आहे, ती काढून टाकायची आणि तिथं एकसारख्या चिऱ्यांची नवी बांधायची असं समितीनं ठरवलं. "ती भिंत बेढब आहे, मूळची नाही," असं कारण सांगितलं. मूळची नाही हे खरंच आहे. ती माझ्या मायनं आणि तिच्यासोबतच्या बायांनी बांधली. गावात तिला बायांची भिंतच म्हणतात. मी परत जाईपर्यंत ती राहते की जाते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जपानचे मासे, कौलं, पानांचे गोळे, सगळं वरवर चाललं होतं. आणि त्यात हा वास.

पाऊस का आला नाही ते मला विचारू नका, मी पोर होते. मला आठवतं ते आवाज बदलणं. आधी मोटांची कुरकुर थांबली. मग बैलांच्या गळ्यातले घुंगरू गेले, कारण बैलच गेले. पेठेतल्या फळ्या उशिरा निघायला लागल्या, काही निघेनात. आणि मग एके सकाळी घाटाच्या तोंडाला ठक ठक सुरू झाली, ती लवकर काही थांबली नाही. घाट उतरला की तेलगाव. तिकडं जाणाऱ्या रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं आणि अख्खा मुलूख माळावर खडी फोडत बसला होता.

खडी फोडायचीही रीत असते. सायकलच्या जुन्या टायरचं कडं करायचं, धरायला त्याला चिंधी बांधायची, ते दगडावर बसवायचं आणि कड्याच्या आत हातोडी मारायची. म्हणजे कपरी उडत नाही, डोळा वाचतो. माझ्या मायचं नाव गया. तिच्या कड्याला निळी चिंधी होती. निळीच का, ते सांगायला नको. मी बाभळीच्या बुडाला धाकट्या भावाला घेऊन बसायची आणि डोळे मिटून एवढ्या सगळ्या ठकठकीतून मायची ठक ओळखायची. दोन हलक्या आणि एक जोराची, अशी ती मारायची. आज इतक्या वर्षांनी कुठं बांधकाम चाललेलं असलं की मी नकळत तिची ठक शोधते.

दुपारी सुकडीचं पोतं उघडायचं. तांबूस, गोडसर, भुरभुरीत. पदरात घ्यायची आणि बोटांनी खायची. भाजल्या गव्हाच्या वासात पदराचा घाम आणि दगडाची पिठी मिसळलेली. घशाला चिकटायची आणि पाणी मागायची. पाणी तेवढं कुणी मागू नये अशी परिस्थिती होती. मायची जिवाची मैत्रीण पारूमावशी म्हणायची, "बया, ही खावं का हिनं घर लिपावं गं?" आणि खोकत खोकत सगळ्या हसायच्या. संध्याकाळी मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या तांबड्या ज्वारीची, लालभडक भाकरी. ती थापताना माय म्हणायची, लाजली बघ भाकर, आपल्या घरी यायला लाजली. लोकांना वाटतं, दुष्काळात माणसं हसत नसतील. लई हसायचो आम्ही. हसायला पाणी लागत नाही.

आणि एक नवलाची गोष्ट झाली होती. माळावर आमच्याच बाया नव्हत्या. मराठ्यांच्या होत्या, वंजाऱ्यांच्या होत्या, मुसलमानांच्या होत्या. गावात ज्यांच्या ओसरीला आमची सावली चालत नव्हती, त्या माळावर शेजारी बसून मायकडं टायरचं कडं करून मागायच्या. माय करून द्यायची. चिंधी मात्र जिची तिनं आणायची.

काम सरकारचं, पण ते घेतलेलं होतं मजूर सहकारी सोसायटीनं. तेव्हा सहकाराचं वारंच होतं, जिकडंतिकडं सोसायट्या. चेअरमन गावचे मोठे बागायतदार, कडक इस्त्रीची टोपी, धुरळा उडवत येणारी जीप. सभासद आम्ही, म्हणजे अंगठे आमचे. चेअरमन जीपच्या पायरीवर उभे राहून भाषण करायचे, "ही सोसायटी तुमची आहे, मी निमित्तमात्र." माय हातोडी खाली ठेवून मन लावून ऐकायची. चेअरमनना वाटायचं, बाई भारावली. ती लक्षात ठेवत होती.

माळाचा काळा दगड टणक होता. खडी मागं पडली आणि वरचे साहेब बघायला येणार होते. चेअरमन आले, किल्ल्याकडं बोट केलं. डाव्या बुरुजालगतची भिंत कधीकाळी ढासळलेली होती, तिच्या घडीव दगडांचा ढीग दरवाजाजवळ वाळल्या गवतात पडलेला होता. "त्यो दगड फोडा," म्हणाले. "आयता हाय. आनायची बी तसदी न्हाई, फोडून उताराला लोटा."

बाया आपापली कडी घेऊन दरवाजापाशी जाऊन बसल्या, मी भावाला घेऊन तिथल्या बाभळीखाली. मायनं पहिला दगड ओढला, कडं बसवलं, हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. दगडाच्या एका अंगावर कोरलेली अक्षरं होती, वळणावळणाची, फारसी. मायला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं. तिनं पदरानं दगड पुसला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिवलंय गं?" पारूमावशीनं विचारलं.

"मला काय म्हाईत. पर कुनीतरी लई येळ बसून लिवलंय. आन पारे, ह्यो धोंडा हितवर चढवला कुनी? चेअरमनच्या आज्यानं?"

पारूमावशी फिस्सकन हसली. मायला हसू नव्हतं आलं. तिनं कडं काढून घेतलं आणि मांडी घालून बसली. मुकादम ओरडून गेला, मग जीप आली. चेअरमन खाली उतरले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "कावून बसलात? गयाबाई, काय झालं?"

"ह्यो दगड आमी न्हाई फोडनार, साहेब."

"तुमचा काय संबंध किल्ल्याशी? दरवाजाची राखण तर तुमीच सोडली."

"राबनूक सोडली. दगड न्हाई सोडला. आमच्या मानसांनी पाठीवर घेऊन चढवलाय त्यो. तेवढा आमचा बी हाय."

चेअरमन हसले. असं हसले की मला बाभळीखाली बसूनसुद्धा राग आला. "मग काम बंद, सुकडी बंद. बसा धोंडा उराशी धरून," म्हणाले आणि जीपकडं वळले.

सुकडी बंद म्हणजे काय ते तिथं प्रत्येकीला कळत होतं. माझा भाऊ मांडीवर होता, त्याच्या पोटाचा आवाज मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता माय हातोडी उचलेल. उचल की, असं मी मनात म्हटलंही. माय उठली ती जीपच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, सोसायटी आमची हाय म्हनता न्हवं? दर भाषणात म्हनता. चेअरमन तुमी येकले, सभासद आमी समद्या. मग इचारा की सभासदाला. ठराव घ्या."

"ठराव ऑफिसात होतो, बाई."

"मानसं हितं हायत. ऑफिसात काय खुर्च्या हात वर करनार?"

ड्रायव्हरलासुद्धा हसू आलं, त्यानं ते खोकल्यावर नेलं. आणि पारूमावशीनं हात वर केला. मग तिच्या शेजारच्या वंजाऱ्याच्या बाईनं. मग एका मराठ्याच्या सासू-सुनांनी एकदमच, एकमेकींकडं न बघता. मग बुरखा मागं सारून खडी फोडणाऱ्या दोघींनी. पिठीनं पांढरे झालेले हात, बांगड्यांपर्यंत पांढरे. मीही हात वर केला. पारूमावशीनं तो खाली ओढला. "तू सभासद न्हाईस बये, गप बस." चेअरमन जीपमध्ये बसले आणि धुरळा ठेवून गेले.

सुकडी बंद झाली ती झालीच. भाषण एक आणि व्यवहार एक, हे तेव्हाच कळलं ते बरं झालं. उपाशी बाया घरी बसतील असं चेअरमनना वाटलं असेल. पण हात सवयीला लागलेले, ते गप बसेनात. त्यात मायला एकच भीती. "आपन उठलो की ह्यो दुसरी मानसं आनून फोडनार. ढीग कुनी बी फोडंल. भिंत फोडाया छाती लागंल." आणि मग त्या खुळ्या बायांनी ती पडकी भिंत उभी करायला घेतली. रिकाम्या पोटी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हजेरी मांडणार नव्हतं.

गवंडी त्यांच्यात एकही नव्हती. त्यांना येत होता तो शेताचा बांध घालायला. म्हणून ती भिंत बांधासारखीच झाली, खाली रुंद, वर निमुळती आणि मधे पोट जरासं पुढं आलेलं. कासरे बांधून दगड ओढायचे, खाली दांडकी सरकवायची. माय पुढं होऊन एक ओळ म्हणायची आणि बाकीच्या ओढताना ती पुरी करायच्या. "धोंडा गं जड, बाई," म्हटलं की मागून "घर धन्याचं गं जड!" आणि हसण्यानं कासरा ढिला पडायचा. फटींत बारीक दगड ठोकायचे आम्ही पोरं. अक्षरांचा दगड मायनं राखून ठेवला होता. तो तिनं छातीच्या उंचीला मधोमध बसवला, अक्षरं बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावीत अशी.

उलटा बसवला. वर कुठं आणि खाली कुठं, कोण सांगणार होतं? पुढं कितीतरी वर्षांनी मशिदीतले मौलवी तिकडून जाताना थांबले, हसले आणि मायला म्हणाले, "गयाबाई, लेख उलटा लावलाय तुम्ही." माय म्हणाली, "मान वाकडी करून वाचा की मग." त्यांनी खरंच वाकडी करून वाचला. कुणातरी किल्लेदारानं पाण्याचं टाकं बांधलं, त्याचा तो लेख होता.

साहेब आले तेव्हा बाया वरचा थर लावत होत्या. साहेब खडी बघायची सोडून भिंतीकडं बघत राहिले. "अरे वा, किल्ल्याची दुरुस्तीसुद्धा?" चेअरमननी एक क्षण आमच्याकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "होय साहेब. आपल्या सोसायटीनं केली." दुसऱ्या दिवशी सुकडीचं पोतं परत आलं. माय हसून हसून बेजार झाली. श्रेय गेल्याचं तिला काही वाटलं नाही. भिंत राहिली होती.

जपानात दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यावर चढलो. ओगावा नावाचे एक म्हातारे गृहस्थ फुकट किल्ला दाखवतात, ते सोबत होते. हिरवं जाकीट, डोक्याला टोपी, दर वाक्यानंतर किंचित वाकणं. किल्ल्याची एक बाजू भूकंपात ढासळली होती. तिचे दगड खालच्या मैदानात पंगतीला बसवल्यासारखे रांगेनं मांडलेले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. ज्याची जागा त्यालाच परत द्यायची म्हणे, कितीही वर्षं लागोत. मी बघत उभी राहिले. मग सवयीनं विचारलं, "हे दगड वर कुणी चढवले? ती माणसं राहायची कुठं?"

"मम्मी, असलं नाही विचारत इथं," सुजाता हळूच म्हणाली.

"का? दगड आपसूक चढले?"

तिनं आवाज खाली घेऊन जपानीत विचारलं. ओगावांनी बाकावर जुन्या गावाचा नकाशा पसरला. इथं तलवारवाल्या सरदारांची घरं, इथं व्यापारी, इथं देवळं, असं बोट फिरत गेलं आणि नकाशाच्या काठाशी थांबलं. मग ते काठ ओलांडून बाकाच्या लाकडावर टेकलं. "नदीच्या पलीकडं," ते म्हणाले, "चामड्याचं काम करणारी, मेलेली जनावरं उचलणारी माणसं. दगडांच्या कामालाही त्यांना बोलवत. नकाशात दाखवत नाहीत." नकाशाची घडी घालत म्हणाले, "सहसा कुणी विचारतही नाही."

मी म्हटलं, "त्यांना सांग सुजू, आमचंही घर नकाशाच्या बाहेरच होतं. बाकावरच." तिनं माझ्याकडं बघितलं. आणि हे तिनं खालच्या आवाजात सांगितलं नाही. चांगलं खणखणीत सांगितलं. शेजारून जाणारी दोघं वळून बघायला लागली. मला माझ्या लेकीचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

ओगावा आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथं त्या चिरेबंद भिंतीत मधेच एक तुकडा वेगळा होता, नदीतले गोटे कसेबसे रचून केलेला. फार पूर्वी पुरात भिंत फुटली तेव्हा गावच्या लोकांनी घाईनं बुजवलेला. तज्ज्ञ म्हणाले होते, हा काढा, शोभत नाही. पण काढला नाही. "पडलेलं ज्यांनी उभं केलं," ओगावा म्हणाले, "त्यांची भिंतही किल्ल्याचीच." मी त्या गोट्यांवर हात ठेवला आणि मला रडू आलं. परक्या माणसासमोर, भर दुपारी. मग मी त्यांना मायची सगळी हकिकत सांगितली, सुजाता सांगत गेली. त्यांनी विचारलं, "त्यांच्या दगडांवर आकडे होते?" मी म्हटलं, "नाही हो. अंदाज होता." तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले.

घरी आल्यावर बॅग तशीच ठेवली. चुन्याची बादली आणि कुंचला घेतला, पारूमावशीला रिक्षात घातलं आणि किल्ला गाठला. ती आता पार वाकलीय, पण जीभ जागच्या जागी आहे. समितीची माणसं आलेलीच होती. अध्यक्ष बापूसाहेब, त्याच चेअरमनचे चिरंजीव, आणि ठेकेदाराकडचा एक तरुण इंजिनिअर. भिंत अजून उभी होती. पोट जास्तच पुढं आलेलं, वरचे दोन थर सुटायला आलेले. उतरवावी लागणार हे मलाही दिसत होतं. मी काही आंधळी नाही.

"या ताई," बापूसाहेब म्हणाले. "जपान बघून आलात. आता गावाचं बी जपान करू द्या की आमाला."

"तेच करायला आलेय. दगडांवर आकडे टाकते. उतरवा खुशाल, पण ज्याची जागा त्यालाच परत."

"अहो, ही काय जुनी भिंत हाय का? दुष्काळातल्या बायांनी रचलेला बांध ह्यो."

"बायांनी? बापूसाहेब, तुमचे वडील साहेबाला काय म्हणाले होते, आठवतं का? आपल्या सोसायटीनं केली, म्हणाले होते. पुढं दर निवडणुकीच्या भाषणात म्हणायचे, सगळ्या गावानं ऐकलंय. वडिलांचं काम पाडता?"

समितीतले दोघं आकाशाकडं बघायला लागले. पारूमावशी दगडावर टेकून बसली होती, ती म्हणाली, "पाडू द्या की त्येला. बापाचं नाव पोरानंच पाडावं, दुसऱ्यानं कशाला?" बापूसाहेब लालबुंद झाले, मग एकदम हात झटकून म्हणाले, "टाका आकडे. जशी हाय तशी बांधा. माझं काय जातंय?"

मी आकडे टाकायला लागले. इंजिनिअर पोरगं चांगलं होतं, बादली धरायला आलं. पारूमावशी कोणता दगड कुणी लावला ते सांगत होती आणि निम्म्याच्या वर मोठे दगड स्वतःच्याच नावावर घेत होती. मी वाद घातला नाही. हातावर चुना वाळत होता, बांगड्यांपर्यंत पांढरा, आणि त्या हातांकडं बघून मला माझ्या गेलेल्या मायची फार आठवण आली.

छातीच्या उंचीला अक्षरांचा दगड आला. पोरानं तो बघितला, खाली वाकून बघितला. "मावशी, बाकी सगळं जसंच्या तसं लावतो, शब्द देतो," तो म्हणाला. "हा लेख तेवढा उलटा लागलाय. हा सरळ करतो. लोकांना वाचता येईल."

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. माझा कुंचला थांबला. मी पारूमावशीकडं बघितलं.

"आमाला वाचाया येत नव्हतं, म्हून त्यो उलटा लागला," पारूमावशी म्हणाली. "ज्यांना येत व्हतं, ते फोडाया निघालते. ऱ्हाऊ दे उलटाच."

"बरं, तसाच लावतो," पोरगं म्हणालं. त्यानं माझ्या हातातला कुंचला घेतला, बादलीत बुडवला आणि मान पार वाकडी करून त्या दगडावर आकडा काढला. उलटा.